हवेचा स्क्रू : एका हुनराचा इतिहास

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही आमच्या ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. समोर अब्बांची यामाहा आरएक्स १०० उभी होती आणि वर्तमानपत्रावर एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी उघडी पडली होती. पिशवीत पितळेचे तीन-चार जेट, पाच खाचांची एक सुई, तिची इवलीशी क्लिप, फ्लोटचा व्हॉल्व्ह, रबरी रिंगा आणि वाटीखाली बसवायचे पॅकिंग. बाजारात याला कार्बोरेटरची किट म्हणतात. सगळा ऐवज एका मुठीत मावेल एवढाच. पण त्या मुठीभर पितळेने आम्हाला पुढचे तीन रविवार कामाला लावले, आणि त्याहून जास्त विचाराला लावले.

गाडीचे दुखणे साधे होते. सकाळी चालू व्हायला कुरकुर करी, स्लो रेस धरून ठेवत नसे, तापली की ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येई. एरवी आम्ही ती ढकलत उस्तादांच्या दुकानी नेली असती. पण नाक्यावरच्या त्या दुकानाचे शटर वर्षभरापूर्वी खाली आले. उस्तादांचे वय झाले, डोळ्यांना कमी दिसते. मुलगा सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत गाडी चालवतो. ज्या मोहल्ल्यात एकेकाळी तीन गॅरेजे होती, तिथे आज कार्बोरेटर उघडू शकणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून आम्हीच पाना हातात घेतला. आणि घेतल्यावर लक्षात आले, की आयुष्यभर ज्या वस्तूवर बसून आपण शाळा, नोकरी, लग्नकार्य, दवाखाना सगळे केले, तिच्या काळजाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही.

हा लेख त्या अज्ञानातून सुरू झाला.

पाण्यापासून पेट्रोलपर्यंत

कार्बोरेटर म्हणजे काय, ते आधी सोप्या शब्दांत सांगू. पेट्रोल नुसते जळत नाही, ते हवेत बारीक मिसळावे लागते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली तर इंजिन तापते, पेट्रोल जास्त झाले तर प्लग काळा पडतो. हे माप इंजिनाच्या प्रत्येक वेगाला सांभाळायचे काम कार्बोरेटर करतो, आणि तेही विजेशिवाय, नुसत्या हवेच्या ओढीवर. त्याच्या खालच्या वाटीत पेट्रोल एका ठरावीक पातळीला उभे असते. पातळी खाली गेली की तरंगता फ्लोट खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल आत येते. पातळी भरली की फ्लोट वर जाऊन तोच व्हॉल्व्ह बंद करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक असाच चालतो.

ही तरंगत्या झडपेची कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात ती वापरली. नवव्या शतकात बगदादेत बनू मूसा म्हणजे मूसाचे मुलगे मुहम्मद, अहमद आणि हसन या तीन भावांनी ‘किताब अल्-हियल’ लिहिली. खलिफा अल्-मामूनच्या आश्रयाने वाढलेल्या या भावांच्या ग्रंथात सुमारे शंभर यंत्रांचे वर्णन आहे. त्यांतली बरीचशी करमणुकीची भांडी आहेत. एका तोटीतून कधी हे, कधी ते पेय देणारी, ओतता ओतता आपोआप थांबणारी. पण त्या गमतीमागे शंकूच्या आकाराच्या झडपा, तरंगते गोळे आणि हवेच्या दाबाचा बारीक हिशेब आहे.

त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, १२०६ साली, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीर येथे अर्तुकी दरबारात काम करणाऱ्या अल्-जझरीने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पन्नास यंत्रे आहेत. पाण्याची घड्याळे, पाणी उपसणारी यंत्रे, कारंजी. अल्-जझरीचे वेगळेपण असे, की तो मुळात कारागीर होता. यंत्र काय करते एवढे सांगून तो थांबत नाही, ते हाताने कसे बनवायचे तेही सांगतो. झडप आणि तिची बैठक एकमेकांवर कुरुंदाच्या भुकटीने घासून पाणी न झिरपेल अशी बसवावी, पाणी गळण्याचे छिद्र अंदाजाने न पाडता प्रत्यक्ष पाणी सोडून, मोजून, मग पक्के करावे, असे तो लिहितो. डोनाल्ड हिल या ब्रिटिश अभियंत्याने १९७४ साली अल्-जझरीचा आणि १९७९ साली बनू मूसांचा ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा जगाला हे तपशिलाने कळले.

हे वाचताना आम्ही थबकलो. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक पेस्ट लावून एकमेकांवर घासणे, हे तर आमचे उस्ताद बुलेटच्या व्हॉल्व्हवर तासन्‌तास करत बसायचे! आणि मोजून पाडलेले छिद्र म्हणजेच जेट. मिकुनीच्या षटकोनी जेटवर जो आकडा कोरलेला असतो, तो त्या छिद्रातून मिनिटाला किती द्रव वाहतो याचे माप असतो. केहिनच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आठशे वर्षांपूर्वीचा कारागीर ज्या प्रश्नाशी झुंजत होता, तोच प्रश्न आमच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर पडला होता.

पण इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. आपल्याकडे अशा माहितीचे लगेच ढोल वाजतात. ‘हे सगळे आपल्याच ग्रंथात होते, त्यांनी चोरले,’ असे मेहफिलीत टाळ्या घेणारे वाक्य होते. तसे काही नाही. बनू मूसांनी कार्बोरेटर बनवला नाही आणि अल्-जझरीला पेट्रोलचे इंजिन ठाऊक नव्हते. त्यांनी ग्रीकांकडून घेतले, त्यात भर घातली, लिहून ठेवले. इल्म हा असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आम्हाला त्यातली खरी शिकवण वेगळीच वाटते. अल्-जझरीने लिहून ठेवले म्हणून तो उरला. ज्या शेकडो उस्तादांनी लिहून ठेवले नाही, त्यांचे हुनर त्यांच्याबरोबर कब्रस्तानात गेले.

फवारा, भाता आणि सुई

युरोपात पुढची पायरी पडली ती हवेच्या अभ्यासातून. इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ साली दाखवून दिले, की नळी मध्येच अरुंद केली तर तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या अरुंद गळ्याशी बारीक भोक ठेवले तर खालचे पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. कार्बोरेटरचा गळा आजही व्हेंचुरीच्या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीची इंजिने मात्र याहून ओबडधोबड होती. गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवून जी दुचाकी केली, तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून निघालेली वाफच हवेबरोबर इंजिनात जायची. थंडी पडली की वाफ कमी, गाडी बंद. १८९३ साली दोन ठिकाणी उपाय निघाला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत मायबाखने पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्बोरेटर केला. बांकी-चोंकांना ही कल्पना फुलांवर पाणी फवारणाऱ्या फुलवालीकडे पाहून सुचली, अशी आख्यायिका हंगेरीत सांगितली जाते. खरी असो वा नसो, यंत्राची कल्पना रस्त्यावरच्या हातातून आली असे लोकांना वाटते, यातच काही आले.

इंग्लंडमधली गोष्ट त्याहून आवडावी अशी आहे. १९०५च्या सुमारास जॉर्ज हर्बर्ट स्किनरने असा कार्बोरेटर केला, ज्यात हवेची वाट इंजिनाच्या गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त होई. त्यासाठी हवेच्या ओढीने हलणारा भाता लागत होता. स्किनरचे घराणे जोडे बनवण्याच्या धंद्यातले. भाता चामड्याचा केला! पुढे त्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली आणि आणखी पुढे मोटारसायकलींमध्ये रबरी पडद्याने. आज पल्सर किंवा तशा गाडीचा कार्बोरेटर उघडला की जो पातळ काळा पडदा दिसतो, त्याचा खापरपणजोबा जोडेवाल्याच्या घरात जन्मला. चामड्याचे, पितळेचे, लोखंडाचे काम करणाऱ्यांना खालचे समजणाऱ्या समाजाने हे ध्यानात ठेवावे. आणि आपल्यातही अश्रफ-अजलाफचा भेद मनात बाळगणारे कमी नाहीत.

बर्मिंगहॅम ते नाक्यावरचे गॅरेज

१९२७ साली इंग्लंडमधल्या तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन ‘अमाल’ झाली. ब्रिटिश मोटारसायकलींवर तिचेच राज्य होते. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट भारतात बनू लागली, तिच्याबरोबर अमालची घडणही भारतीय मिस्त्र्यांच्या हाती आली. १९६१ साली म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवायला सुरुवात केली. त्यांच्यावर यिकोव्हचा कार्बोरेटर. जपानच्या मिकुनीने अमालकडून परवाना घेऊन आपला कार्बोरेटर घडवला आणि १९८५ साली मिकुनीच्याच सहकार्याने मद्रासला युकाल ही कंपनी उभी राहिली. म्हणजे बर्मिंगहॅमची विद्या जपानमार्गे पुन्हा मद्रासला आली.

१९८५ हे साल आमच्या पिढीला विसरता येणार नाही. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० आणली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, आणि तो आवाज! १९९६ साली तिचे उत्पादन थांबले, पण तिच्यावरचे प्रेम थांबले नाही. त्याच १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मराठवाड्याच्या गावागावांत दुचाकी आली, आणि दुचाकीच्या मागे मिस्त्री आला.

हा मिस्त्री पुष्कळदा आपल्यातला असे. यामागे काही ईश्वरी योजना नव्हती. शिक्षणात मागे, सरकारी नोकरीत कमी, शेती तुकड्याची. अशा समाजाला असे काम लागते, ज्यात भांडवल थोडे, प्रमाणपत्र नको आणि हाताचे कसब पुरे. २००५ साली नेमलेल्या आणि २००६च्या नोव्हेंबरात अहवाल देणाऱ्या सच्चर समितीने हेच आकड्यांनी मांडले. मुसलमान कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त आहे आणि ज्या धंद्यांत ते एकवटलेले आहेत त्यांत वाहनांची दुरुस्तीही आहे, असे अहवाल सांगतो. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या नाना पेठेत आणि जुन्या बाजारात, कुर्ल्याच्या रस्त्यांवर जुन्या-नव्या सुट्या भागांचा जो व्यवहार उभा राहिला, त्यात या हातांचा वाटा मोठा आहे. कोकणातली पोरे हेच कसब घेऊन आखातात गेली आणि त्यांच्या पैशांवर गावाकडे पक्की घरे उभी राहिली.

या विद्येची शाळा म्हणजे गॅरेज. दहा-बारा वर्षांचा शागीर्द आधी पाने पुसायला शिके, मग चाक काढायला, मग प्लग साफ करायला. कार्बोरेटर सर्वांत शेवटी. उस्ताद त्याला तो उघडू देत तेव्हा पोराचा जणू बिस्मिल्लाहचा सोहळा होई. पेट्रोलमध्ये धुवायचा, तोंडाने फुंकून छिद्रे मोकळी करायची, जेटमध्ये तार घालायची नाही, कारण तारेने छिद्र मोठे होते आणि मग ते माप कधीच परत येत नाही. पुस्तक नव्हते, कान होता. पण या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या शागीर्दाची खरी शाळा सुटलेली असे. त्याच्या पदरात शिव्या आणि थपडा पडत. हुनर मिळाले, पण ज्या कागदावर ते हुनर मोजले जाते तो कागद कधी मिळाला नाही. आपण उस्ताद-शागीर्द परंपरेचे गोडवे गातो, तेव्हा त्या पोराचे बालपणही हिशेबात धरले पाहिजे.

सील केलेला स्क्रू

आता किटच्या इतिहासाकडे येऊ. अमेरिकेत १९७८च्या मॉडेलपासून मोटारसायकलींना धुराचे नियम लागू झाले. नियम पाळायला कंपन्यांनी मिश्रणातले पेट्रोल कमी केले आणि मिश्रणाचा स्क्रू पितळेच्या बुचाने बंद करून टाकला, म्हणजे मालकाला हात लावता येऊ नये. हवा स्वच्छ व्हायला मदत झाली, पण गाड्या अडखळू लागल्या. तेव्हा मार्क डोबेक या माणसाच्या डायनोजेट या कंपनीने किटचा धंदा उभा केला. वेगळ्या उताराची सुई, निरनिराळ्या मापांचे जेट, हलकी स्प्रिंग, पितळी बूच काढायला आणि पडद्याखालच्या स्लाइडचे छिद्र वाढवायला ड्रिलचा बिट, आणि घरच्या घरी करता यावे म्हणून पायरी-पायरीची सूचना. आमच्याकडे जे ज्ञान उस्तादाच्या कानात होते, ते तिथे छापील कागदावर आणि पाकिटात बंद होऊन विकायला आले. हा फरक लहान नाही.

भारतात धुराचे नियम हळूहळू कडक होत गेले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या दुचाकींना बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ बंधनकारक झाले. इंजेक्शनची दुचाकी त्याआधीच आली होती. २००६ साली हिरो होंडाची ग्लॅमर एफआय, २००७ साली बजाजची इंजेक्शनवाली पल्सर २२०. गंमत अशी, की २००९ साली बजाजने तीच २२० कार्बोरेटर बसवून कमी किमतीत आणली आणि ती चांगली चालली. पितळेच्या जुन्या भांड्याने संगणकाला एकदा मागे सारले. पण ती शेवटची सरशी. बीएस-६ नंतर जवळजवळ सगळ्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आता दोष शोधायला स्क्रूड्रायव्हरआधी स्कॅनर लागतो.

हे वाईट झाले असे म्हणायला आम्ही धजत नाही. शहरांतल्या चौकात उभ्या राहणाऱ्या पोलिसाच्या, फेरीवाल्याच्या, आणि हो, दिवसभर धुरात बसणाऱ्या मिस्त्र्याच्याही फुप्फुसांचा हा प्रश्न आहे. टू-स्ट्रोकचा निळा धूर आम्हाला कितीही प्रिय असला तरी तो विषच.

पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यापुढे नवे संकट आले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. आपल्या महाराष्ट्राच्या उसाचाही त्यात वाटा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची बाजू आहे. मात्र इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, सुमारे ९ भाग. म्हणजे जुन्या जेटमधून तेवढाच द्रव गेला तर इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण पातळ होते. संगणकवाली गाडी हे ओळखून बरेचसे सावरून घेते. कार्बोरेटरला डोळे नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते, चिरवते. श्रीमंत माणूस नवी गाडी घेईल. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर भाजी, दूध, अंडी विकणारा काय करील? त्याला कार्बोरेटर समजणारा माणूस लागेल. आणि नेमका तोच माणूस शटर खाली ओढून घरी बसला आहे.

तीन रविवार

पहिल्या रविवारी आम्ही पेट्रोलचा कॉक बंद केला, वाटीतले पेट्रोल काढले, कार्बोरेटर उतरवला. वरचे झाकण फिरवताना स्प्रिंग उडाली आणि सुईची क्लिप ओट्याच्या फटीत गेली. नशिबाने किटमध्ये दुसरी होती. आत हिरवट, चिकट थर. धुतला, फुंकला, नवे पॅकिंग घातले. आणि मोठ्या उत्साहाने मोठा मेन जेट बसवला. मिश्रण पातळ आहे ना, मग पेट्रोल वाढवा, असा आमचा सरळ हिशेब.

गाडी चालू झाली. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की घशात घास अडकल्यासारखी गुदमरू लागली, आणि स्लो रेसचे दुखणे होते तसेच. दुसऱ्या रविवारी प्लग काढला तर काजळासारखा काळा. मिश्रण वर जाड, खाली पातळ! आम्ही सुईची क्लिप वर-खाली केली, हवेचा स्क्रू दीड फेऱ्यावरून दोन, दोनवरून एक केला. संध्याकाळी गाडी होती त्याहून बिघडली होती. टू-स्ट्रोकला मिश्रण पातळ राहिले तर पिस्टन धरतो, एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. भीतीने आम्ही गाडी झाकून ठेवली.

तिसऱ्या रविवारी उस्तादांना रिक्षाने घरी आणले. खुर्चीवर बसले. डोळे मिटून आवाज ऐकला. आम्ही केलेला पराक्रम ऐकवू लागलो तर हाताने थांबवले.

“पेट्रोल बाद में. पैले हवा कां से चोरी हो री, वो देखे क्या?”

आम्ही गप्प. त्यांनी साबणाचे पाणी मागवले आणि कार्बोरेटर व इंजिन जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर शिंपडायला सांगितले. शिंपडताच इंजिनाची रेस बदलली. रबराला खालच्या बाजूने बारीक चीर होती. आम्ही जेट बदलत होतो आणि हवा भलत्याच वाटेने आत शिरत होती. नवे रबर बसवले. मेन जेट मूळच्या मापाचा परत लावला. सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई थोडी वर, मधल्या वेगाला पेट्रोल किंचित जास्त. एवढीच इथेनॉलची भरपाई. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर आमच्या हातात दिला. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग एक फेरा बाहेर, सव्वा, दीड. “अब सुन.” आणखी थोडा. एका जागी इंजिनाचा आवाज एकदम उघडला, गळा साफ केल्यासारखा. “बस. यां छोड दे.” पुन्हा प्लग पाहिला तेव्हा तो भाजलेल्या विटेच्या रंगाचा होता. दुसऱ्या दिवशी पीयूसी काढली. २००० सालापूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. आमची गाडी आरामात त्याखाली होती.

मोबदला द्यायला गेलो तर घेईनात. चहा घेतला. जाताना म्हणाले, “मेरे को कोई पूछता नईं अब. तुम पूछे, अच्छा लगा.”

कागदावरचे आणि हातातले

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे तालुक्याच्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या, त्याच्याकडे आपण मेकॅनिक आहोत असे सांगणारा एक कागद नाही. नव्या गाड्यांच्या कंपनी-गॅरेजात कामाला आयटीआयचे प्रमाणपत्र मागतात. २०१५ साली सुरू झालेल्या कौशल्य विकास योजनेत, आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. ती आपल्या मोहल्ल्यांत किती जणांना माहीत होती? आपल्या जमातींनी, मशिदींच्या कमिट्यांनी, तालीम-अंजुमनांनी त्यासाठी किती फॉर्म भरून घेतले? प्रश्न आधी आपल्याला स्वतःला विचारायचा आहे.

दोन कामे करता येतील असे आम्हाला वाटते. पहिले, नव्या मुलांना स्कॅनर आणि इंजेक्शन शिकवणे. शाळा सोडवून नव्हे, शाळा पुरी करून. ज्याला हवा आणि पेट्रोलचे नाते कानाने कळले आहे, त्याला संगणकाच्या आकड्यांचा अर्थ लवकर कळेल. चीर गेलेले रबर स्कॅनरही दाखवत नाही, तो फक्त मिश्रण पातळ आहे एवढेच सांगतो. हवा कुठून चोरीला जाते ते माणसालाच शोधावे लागते. दुसरे काम, जे उस्ताद अजून हयात आहेत त्यांच्याजवळ वही घेऊन बसणे. कोणत्या गाडीला कोणता जेट, कोणत्या आवाजाचा कोणता अर्थ, कोणती चूक कशी ओळखायची, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच दखनीत. अल्-जझरीने आठशे वर्षांपूर्वी एवढेच तर केले होते. त्याच्याजवळ दरबार होता. आपल्याजवळ निदान वही आणि रविवार आहे.

आम्ही आमची वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर गाडीचे नाव, जेटचा आकडा, क्लिपची खाच लिहिली. हवेच्या स्क्रूपुढे लिहिले : ‘दीड फेरा आणि थोडा.’ तो ‘थोडा’ किती, ते लिहिता येईना. त्यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा उस्तादांकडे जायचे आहे.